निळ्या बरणीतली फोड

एका लोणच्याच्या कंपनीची एवढी भरभराट कशी झाली, यावर हेमांगी दातीर प्रबंध लिहीत होती. गावोगावच्या गिऱ्हाइकांनी तिला एकच आठवण सांगितली होती. आईनं निळ्या बरणीतली फोड हळूच तळहातावर ठेवली आणि म्हणाली, "कुणाला सांगू नकोस हं."

कंपनीच्या कार्यालयात तिनं हे सांगताच प्रमुख केंकरे हसले. "आम्ही जाहिरात करतच नाही, मॅडम. दुकानात फुकट चाखायला देतो ना, त्या फोडीतूनच ही आठवण मेंदूत उतरते. तुम्हीही चाखली असेल."

हेमांगीनं पेन खाली ठेवलं. "पण ही तर माझ्या आईची आठवण आहे."

"सगळे असंच म्हणतात. घरी विचारून बघा."

तिनं तिथूनच भावाला फोन लावला. "दादा, आईची निळी बरणी आठवते तुला?"

"कसली बरणी? तू रांगायच्या आधीच आई गेली, हेमे."

तिचा चेहरा बघून केंकरे ओशाळले. "कुणाची तक्रार आली तर आम्ही आठवण पुसून देतो. लगेच होतं." त्यांनी टेबलावरचं यंत्र पुढे सरकवलं.

हेमांगीनं तळहात घट्ट मिटला.

"राहू द्या," ती म्हणाली. "माझ्याकडे तेवढीच आई आहे."