न फुटलेला कडुनिंब

पिंपळगावातल्या नव्या वाणांच्या द्राक्षवेलींना परदेशी औषध फवारल्याशिवाय कोंब फुटत नसत. ते औषध आयात करणाऱ्या रेवती मोगलला त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

चैत्र सरत आला तेव्हा तिच्या गोदामाचे राखणदार निवृत्तीअण्णा तिला मागच्या कडुनिंबाशी घेऊन गेले. झाडावर एकही पान नव्हतं.

"वाळला असेल, अण्णा."

अण्णांनी नखाने साल खरवडली. आत हिरवंगार होतं. "जिवंत आहे, ताई. पाडव्याला गावात कुठेच पाला मिळाला नाही, तेव्हाच मला शंका आली. पिंपळ, चिंचा, सगळे असेच उभे आहेत."

रेवतीने पंप आणून एका खालच्या फांदीवर तेच औषध फवारलं. चौथ्या दिवशी तेवढ्याच फांदीला तांबूस पालवी फुटली. बाकीचं झाड तसंच उघडं होतं. औषधाशिवाय न फुटण्याची वेलींची खोड झाडांनाही लागली होती.

तिने परदेशी कंपनीच्या अधिकाऱ्याला फोन लावला. "इथली झाडं फुटत नाहीत," ती म्हणाली.

त्याला आश्चर्य वाटलं नाही. "हो, मॅडम. तुमच्या देशासाठी आम्ही जादा माल राखून ठेवलाय. आधी झाडांसाठी पाठवू, की भातासाठी?"

"भातासाठी?" तिने विचारलं.

"तुमच्याकडे अजून पेरण्या झाल्या नाहीत, नाही का?" तो हळू आवाजात म्हणाला.