शाळा क्रमांक चारच्या नव्या खोल्या

सातशे बारावी सही सत्यभामाकाकूंची झाली आणि मोनिकानं कागदांचा गठ्ठा छातीशी धरून भर चौकात उडीच मारली. लोहाऱ्याला जाणाऱ्या जीपमध्ये बसलेली माणसं वळून बघायला लागली, पण तिला त्याचं काही वाटलं नाही.

महिनाभर ती दारोदार हिंडली होती. शिवणाचं दुकान दुपारी बंद करायची आणि एकेक गल्ली धरायची. नगरपरिषदेच्या शाळा क्रमांक चारचे पत्रे उडालेत, दोन वर्ग एकाच खोलीत बसतात, मुलींना मुतारी नाही... सांगता सांगता तिचा घसा बसला. ती स्वतः याच शाळेत शिकलेली. सहीला कुणीच नाही म्हटलं नाही. किराणावाल्या सिद्धारामनं तर गिऱ्हाइकांना सही केल्याशिवाय माल दिला नाही.

"उद्या सभेत तूच बोलायचं बरं का," काकू म्हणाल्या. "आमी हावच की मागं."

दुसऱ्या दिवशी नगरपरिषदेत अर्थसंकल्पाची सभा होती. दारापर्यंत माणूस दाटलं होतं. अध्यक्षांनी गठ्ठा वरवर चाळला.

"शाळेचा पट किती हाय?"

"सव्वीस," मुख्याध्यापक भागवत गुरुजी खाली बघत म्हणाले.

"सव्वीस पोरांसाठी चार खोल्या? एवढ्या निधीत अख्ख्या प्रभागाचा रस्ता होतो."

मोनिका पुढं झाली आणि आवाज निघाला तो खणखणीत. "साहेब, पत्र्याखाली भिजायला कोण पोरगं पाठवील? तुमी खोल्या द्या. पोरं आमी देतो!"

टाळ्यांनी सभागृह दणाणलं. सिद्धाराम बाकावर चढून शिट्ट्या मारत होता. अध्यक्षांनी घाम पुसला, आजूबाजूला बघितलं आणि हात वर केला. मग सगळ्यांचेच हात वर गेले. बाहेर आल्यावर काकूंनी मोनिकाच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

वर्षभर मोनिकाचा जीव त्या बांधकामात अडकला होता. मिस्त्री आला नाही की ती नगरपरिषदेत जाऊन बसायची. सुट्टीच्या दिवशी भिंतींना स्वतः पाणी मारायची. रंग कोणता द्यायचा, हेही गुरुजींनी तिलाच विचारलं.

"तुमची अर्पिता औंदा पहिलीत जाईल न्हाय का, ताई?"

"जाईल की," रंगाच्या कागदावर बोट फिरवत ती म्हणाली. "हा पोपटी घ्या गुरुजी. पोरांना आवडंल."

जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी सकाळपासून हलगी वाजत होती. काकूंनी दारात रांगोळी घातली. सिद्धारामनं पाच किलो पेढे आणले. सह्या करणारे झाडून सगळे आले होते. अध्यक्षांनी फीत कापली, तेव्हा नारळ मोनिकाच्या हातानं फोडला. पोपटी भिंती, कोरे फळे, चारही खोल्यांत पंखे. लोक आत-बाहेर करत होते, फोटो काढत होते. मोनिकाला हसू आवरत नव्हतं आणि रडूही.

जुनी उरलेली पोरं ओळीनं आत जाऊन बसली. गुरुजींनी व्हरांड्यात टेबल मांडलं, नवी कोरी प्रवेश नोंदवही उघडली आणि पेनाचं टोपण काढलं.

"बोला ताई. पहिलं नाव तुमच्याकडूनच."

मोनिकानं काकूंकडे बघितलं. काकूंनी सिद्धारामकडे. सिद्धाराम पेढे वाटायला लगबगीनं पलीकडे सरकला.

तेवढ्यात इंग्लिश स्कूलची पिवळी बस फाटकासमोरच्या गर्दीत अडकली, आणि गल्लीतल्या पोरांनी गच्च भरलेल्या त्या बसच्या पहिल्याच खिडकीतून टाय लावलेली अर्पिता हात हलवत ओरडली, "मम्मी, बाऽय!"