लेक समोर असताना

मुगाच्या मऊ खिचडीचा दुसरा घासही अडकला. हेमलताबाईंनी तो वाटीत काढला.

"नाही आवडली?" मृण्मयीने विचारलं. चार वर्षांनी कॅनडाहून आलेली लेक आल्या आल्या स्वयंपाकघरात शिरली होती.

"छान झालीय गं. झडप मिटली."

वजनाच्या ऑपरेशनमध्ये डॉक्टरांनी पोट लहान करून त्याच्या तोंडाशी झडप बसवली होती. मन अस्वस्थ झालं की हेमलताबाई खात सुटायच्या, म्हणून काळीज धडधडलं की ही झडप आपोआप मिटायची. दुःख कोणतं नि आनंद कोणता, हे तिला कळत नव्हतं. आता ती काढताही येत नव्हती.

सकाळपासून पोटात काही नव्हतं.

"तू जरा बाहेर बस," त्या म्हणाल्या. "तू समोर असलीस की काळीज आनंदाने धडधडतं, मग मला गिळवत नाही."

मृण्मयी गॅलरीत गेली. हेमलताबाईंनी भिंतीकडे तोंड करून मन कोरं केलं. दोन घास उतरले. तेवढ्यात बाहेरून लेकीचा हुंदका ऐकू आला.

वाटी ठेवून त्या उपाशीच तिच्याजवळ जाऊन बसल्या. तिला पाहून त्यांचेही डोळे वाहू लागले.

"रडू नको आई," मृण्मयीने त्यांचे डोळे पुसले. "महिनाभर आहे ना मी इथे."

हेमलताबाईंनी तिचा हात घट्ट धरला. महिनाभर न खाता कसं निभावणार, हे मात्र त्यांना विचारवेना.