वर्दीचं माप

लेफ्टनंट अंगद चकमकीत शहीद झाला, त्याला वर्ष व्हायला आलं होतं. पाटोद्याजवळच्या त्याच्या गावानं चौकात त्याचा उभा पुतळा करायचं ठरवलं. मूर्तिकार घरी आला, पण त्याच्याकडं अंगदचा नुसता चेहऱ्याचा फोटो होता.

"धाकट्याची अंगलट तीच हाय म्हणतात," तो अंगदच्या आईला म्हणाला. "त्याला वर्दी घालून उभा करा, माप घेतो."

मनकर्णाबाईनं पेटीतली वर्दी काढून दिली. अंगदचा धाकटा भाऊ नाथा ती घालून ओसरीवर आला. खांदे, बाह्या, कंबर, कुठंच सैल नव्हतं, कुठंच आखूड नव्हतं. शेळ्या राखून दोन्ही पोरं वाढवलेला त्यांचा बाप हरिबा नकळत उठून उभा राहिला.

मूर्तिकारानं टेप सोडला, तसा मनकर्णाबाईनं त्याचा हात धरला.

"नुसता चेहरा करा. तो फोटोत हाय."

"पण बाई, गावानं उभा पुतळा सांगितलाय."

"गावाला मी सांगते. ह्या पोराचं माप घेऊ नका." मग ती नाथाकडं वळली. "जा, काढ ती."

नाथा आत गेला. बराच वेळ झाला तरी तो बाहेर येईना, म्हणून तिनं दार लोटलं. एक गुंडीसुद्धा त्यानं सोडली नव्हती.

आरशासमोरून न हलता त्यानं विचारलं, "माय, मला बी शोभती का गं?"