पहिलं पान, शेवटचं पान

तपासनीस बाईंनी समोरची कपबशी बाजूला सारली आणि जाडजूड फाईलमधून दोनच कागद बाहेर काढले: वर्षाचं पहिलं पान आणि शेवटचं पान. घरी शिकणाऱ्या मुलांची परीक्षा त्या घेत नसत. दोन पानं शेजारी-शेजारी ठेवायची आणि मूल किती पुढे गेलं ते बघायचं, बस्स. पुढे गेलेलं दिसलं नाही, तर मात्र पोराची रवानगी शाळेत.

टेबलापलीकडे नऊ वर्षांची टिटवी पाय हलवत बसली होती. पहिलं पान दिसलं आणि तिचे पाय थांबले. ते तर तिने गेल्या मंगळवारी लिहिलं होतं. ओट्यावरच्या मुंग्यांबद्दल, तीन कागद फाडून, चौथ्यावर एकही खाडाखोड न करता. आईने तिचा पापा घेतला होता आणि पान फ्रिजवर चिकटवलं होतं. चिकटपट्टीचा डाग कोपऱ्यात अजून होता. वरची तारीख मात्र दहा महिन्यांपूर्वीची होती, आणि ती आईने घातली होती.

आईचाही नाइलाज होता. वर्षभर जपायचे कागद तिने वर्षभर रद्दीत घातले आणि तहान लागल्यावर विहीर खणायला घेतली. हाताशी धड असं एकच पान होतं, तेव्हा ते पहिलं झालं. शेवटचं तिने काल दुपारी स्वतः लिहिलं. अक्षर पोरीचं वाटावं म्हणून डाव्या हाताने. टिटवी शेजारी बसून बघत होती. आईचा डावा हातसुद्धा तिच्या उजव्यापेक्षा वळणदार होता.

"'पुढची मुंगी थांबली की मागची तिला विचारते,'" बाईंनी पहिलं पान मोठ्याने वाचलं आणि त्या हसल्या. "काय विचारते गं? पत्ता?"

आईही हसली. जरा जास्तच हसली. तेव्हा तिला काही म्हणजे काही येत नव्हतं हो, असंही म्हणाली. मंगळवारी आईने हेच वाक्य दोनदा वाचायला लावलं होतं. टिटवीला रडू आलं, पण ती रडली नाही.

बाईंनी शेवटच्या पानावरून कौतुकाने बोट फिरवलं आणि मुलीने चांगलीच मजल मारली आहे, असा शेरा लिहिला. आईचा जीव भांड्यात पडला. मग बाईंनी पेन टिटवीपुढे धरलं.

"खाली तुझं नाव लिही. आणि पुन्हा त्या पहिल्या पानासारखं लिहायचं नाही हं."

टिटवीने मान हलवली. पेन उजव्या हातात घेतलं, थोडी थांबली आणि ते डाव्या हातात दिलं. कागदावर एक वेडंवाकडं अक्षर उमटायला लागलं.

"अगं, तू डावखुरी आहेस होय?"

"नाही," टिटवी मान वर न करता म्हणाली. "पण आमच्याकडे चांगलं पान याच हाताने लिहितात."