कारखान्याखालचा डोह

बरणीतला मेलेला मासा महिना झाला तरी कुजत नव्हता. तिचा नवरा नदीचं पाणी तपासायच्या नोकरीत होता. औषधांच्या कारखान्याखालच्या डोहातलं पाणी भरून त्यानंच ती बरणी स्वयंपाकघराच्या खिडकीत आणून ठेवली होती.

"त्या पाण्यात इतकी औषधं उतरलीत, की कुजवणारे जंतूच जगत नाहीत," तो कौतुकानं सांगायचा. "शेवाळ गेलं, गोगलगाई गेल्या. आता तिथं काहीच नासत नाही."

"मासा कसला, सवत आणून बसवलीत माझ्या डोक्यावर," ती म्हणायची.

ही थट्टा अर्धीच होती. त्याची पहिली बायको त्याच डोहात बुडाली होती आणि कधी सापडली नव्हती. भिंतीवरच्या फोटोत ती अजून ऐन पंचविशीत होती. हिचे मात्र कानामागचे केस पिकायला लागले होते.

पाण्याचा नमुना आणायला जाताना नवरा गुळगुळीत दाढी करायचा, इस्त्रीचा शर्ट घालायचा. एका दुपारी तिला राहवेना. ती गुपचूप त्याच्या मागोमाग गेली.

डोहाच्या काठी तो गुडघे टेकून बसला होता. नमुन्याची बाटली बाजूला कोरडीच पडली होती. पाणी नितळ होतं. त्यात एक किडा नव्हता, एक तरंग नव्हता. ती झुडपाआड श्वास रोखून उभी राहिली.

मागं न बघता तो पाण्याला म्हणाला, "बघ, आली. म्हटलं नव्हतं, तुझ्यापेक्षा म्हातारी दिसते?"

तळातून बुडबुडे वर आले, हसू आवरत नसल्यासारखे.