थेंब डोळ्यात पडेना

“आई, डोळा उघड म्हटलं की मिटतेस कशाला गं?” हर्षाली करवादली. औषधाचा तिसरा थेंबही गालावरूनच ओघळला होता.

आईचं शरीर तिच्याच मुळावर उठलं होतं. आमवातानं बोटं तर वाकडी केलीच, डोळ्यांतलं पाणीही आटवलं. डोळे असेच कोरडे राहिले तर बुबुळाला जखम होऊन नजर जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण ही बया बाटली दिसली रे दिसली की लहान पोरासारखी तोंड फिरवायची.

“आता हललीस तर बघ!” मांडीवरचं आईचं डोकं घट्ट धरून हर्षाली ओरडली. तो आवाज ऐकून शेजारच्या दुसानेकाकू तरातरा आत आल्या. आईचे ओले गाल बघून त्यांचा पारा चढला.

“काय गं भवाने, आईला सांभाळायला म्हणून शाळा सोडलीस, ती तिला रडवायला?”

आईनं पडल्यापडल्याच काकूंवर डोळे वटारले. “माझ्या लेकीला बोलायचं काम नाही, सांगून ठेवते!”

तेवढ्यात हर्षालीनं बाटली दाबली. थेंब नेमका डोळ्यात पडला.

“काकू, जाऊ नका,” ती म्हणाली. “दुसरा डोळा राहिलाय. मला अजून दोन शिव्या घाला.”